दान कीं वचन?

इंग्रजी भाषेंत इमारतीचा पाया आणि लोकहितासाठीं स्थापन केलेली संस्था या दोन्ही गोष्टींस फाउंडेशन हा एकच शब्द आहे. मराठींत आपण पहिल्यास पाया म्हणतों आणि दुसरीस न्यास किंवा प्रतिष्ठान म्हणतों; त्यामुळें या दोन कल्पनांतील नातें सहसा आपल्या लक्षांत येत नाहीं. परंतु जें काम अनेक लोक मिळून, वेतनाची अपेक्षा न ठेवतां, सर्वांच्या उपयोगासाठीं करतात, त्या कामाच्या बाबतींत हे दोन प्रश्न वस्तुतः एकच होतात. इमारत कशावर उभी करावी हें विचारणें म्हणजे ती कोणाच्या शब्दावर उभी करावी हें विचारणेंच होय. या प्रश्नाचा विचार आम्ही लिनक्स या संगणकव्यवस्थेच्या उदाहरणावरून करणार आहों. विषय यंत्राचा दिसला तरी प्रश्न नीतीचा आहे. तेव्हां ज्या वाचकांनीं संगणकाच्या पोटांत कधीं डोकावून पाहिलें नसेल, त्यांनीं दचकून पान उलटूं नये एवढी विनंती आहे.

संगणकाचें यंत्र कितीहि उत्तम असलें तरी त्याच्याकडून काम करवून घेणारी सूचनांची एक व्यवस्था असावी लागते. अशा व्यवस्था कंपन्या करतात व विकतात, आणि त्यांच्या आंत काय आहे हें पाहण्याची मुभा गिऱ्हाइकास बहुधा नसते. ही स्थिति अन्यायाची आहे असें मानून अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं एक मुक्त व्यवस्था रचण्याचा संकल्प जाहीर केला, आणि १९८५ सालीं त्यासाठीं फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली. पुढें १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें अशा व्यवस्थेचा गाभा, म्हणजे कर्नल, लिहून लोकांपुढें ठेवला, आणि दुसऱ्याच वर्षीं तो स्टॉलमन यांच्या परवान्याखालीं आणला. या परवान्याचें मर्म असें कीं, ज्याला वस्तु दिली त्याला तिचें मूळ लेखन, म्हणजे सोर्स कोड, द्यावेंच लागतें. घेणाऱ्यास तें बदलण्याचा, वाटण्याचा व विकण्याचाहि अधिकार असतो. मात्र पुढच्या माणसास त्यानें तोच अधिकार दिला पाहिजे. हें दान खरें, पण देणाऱ्यानें स्वतःचे हात बांधून घेऊन केलेलें दान आहे. दिलेलें परत मागण्याची वाट त्यानें आपण होऊन बुजवून टाकली आहे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्याभोंवतीं फिरणार आहे.

तथापि शेतांत धान्य उदंड पिकलें म्हणून पानांत जेवण येत नाहीं. तें निवडावें, दळावें, शिजवावें लागतें. तसेंच, जगभर विखुरलेल्या लोकांनीं लिहिलेले हजारों प्रोग्राम गोळा करणें, ते एकमेकांशीं जुळवून तपासणें, त्यांत दोष सांपडला कीं दुरुस्ती तत्काळ पोंचविणें, हें सर्व काम कोणीतरी करावें लागतें. अशा सिद्ध केलेल्या संचास डिस्ट्रिब्यूशन किंवा संक्षेपानें डिस्ट्रो म्हणतात. आपण त्यास वितरण म्हणूं. अगदीं शून्यापासून वितरण रचणारे थोडे. बहुतेक जण आधींच्या एखाद्या वितरणावर आपला मजला चढवितात. डेबियनच्या पायावर २००४ सालीं उबुंटू उभें राहिलें, आणि उबुंटूच्या पायावर २००६ सालीं लिनक्स मिंट. यांत कमीपणा कांहींच नाहीं. दुसऱ्याच्या श्रमावर आपले श्रम रचणें यालाच संस्कृति म्हणतात. प्रश्न इतकाच कीं, ज्याच्यावर आपण घर बांधणार, त्याच्याशीं आपला करार काय?

या प्रश्नाचें मोल किती मोठें आहे हें सेंटओएस या वितरणाच्या इतिहासावरून जसें कळतें तसें दुसऱ्या कशावरूनहि कळणार नाहीं. अमेरिकेंतील रेड हॅट ही कंपनी आपलें लिनक्स मोठमोठ्या संस्थांस वार्षिक वर्गणी घेऊन पुरवीत असे व अद्यापि पुरविते. मूळ लेखन मात्र ती त्या काळीं सर्वांसाठीं खुलें ठेवी. तें घेऊन, कंपनीचें नांव व चिन्ह काढून, त्यापासून तंतोतंत तसेंच वितरण कांहीं स्वयंसेवकांनीं २००४ सालीं सिद्ध केलें, तेंच सेंटओएस. ज्यांस वर्गणी परवडत नव्हती किंवा जे स्वतःच्या हिमतीवर यंत्रें चालवूं शकत होते, अशा विद्यापीठांनीं, प्रयोगशाळांनीं व लहानमोठ्या व्यवसायांनीं तें आनंदानें उचललें.

या संघाची पहिली परीक्षा २००९ च्या जुलै महिन्यांत झाली. संकेतस्थळाचें नांव आणि देणग्यांचा पैसा ज्या एका संस्थापकाच्या हातीं होता, तो सहकाऱ्यांस उत्तरच देईना. शेवटीं त्यांस उघडें पत्र लिहून त्याला हांक मारावी लागली. थोड्याच दिवसांत प्रकरण मिटलें. परंतु हजारों यंत्रें ज्या कामावर विसंबून होतीं, त्याच्या किल्ल्या एका गृहस्थाच्या खिशांत होत्या, हें त्या दिवशीं सर्वांस कळून चुकलें. व्यक्तीवर उभारलेल्या पायाचा हाच दोष. व्यक्ति दुष्ट असावी लागत नाहीं. ती आजारी पडली, कंटाळली किंवा गप्प बसली तरी पुरे.

जानेवारी २०१४ मध्यें रेड हॅटनें हा प्रकल्प आपल्या पंखाखालीं घेतला. प्रमुख कार्यकर्त्यांपैकीं कांहींना नोकरी मिळाली आणि सेंटओएस हें नांव कंपनीच्या मालकीचें झालें. एका व्यक्तीच्या पायाऐवजीं एका समर्थ कंपनीचा पाया आला, आणि बहुतेकांस हायसें वाटलें. इतकें कीं, सायंटिफिक लिनक्स या नांवाचें स्वतःचें असेंच वितरण अनेक वर्षें चालविणाऱ्या अमेरिकेंतील फर्मिलॅब या प्रयोगशाळेनें २०१९ च्या एप्रिलमध्यें जाहीर केलें कीं, यापुढें आपण नवी आवृत्ति काढणार नाहीं, सेंटओएसची आठवी आवृत्तीच वापरूं. दुसऱ्याचें घर भक्कम दिसलें म्हणून त्यांनीं आपलें मोडलें. ती आठवी आवृत्ति त्याच वर्षीं सप्टेंबरांत आली, आणि तिला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळत राहतील अशी सर्वांची समजूत होती. ८ डिसेंबर २०२० रोजीं जाहीर झालें कीं, ती ३१ डिसेंबर २०२१ रोजींच संपेल. तिच्या जागीं सेंटओएस स्ट्रीम हें निराळ्या प्रकारचें वितरण चालू राहील, ज्यांत कंपनीच्या पुढील आवृत्तीची पूर्वतयारी पाहावयास मिळेल. दहा वर्षांच्या भरंवशावर बसविलेली घडी एका वर्षांत मोडावी लागली.

आतां येथें कंपनीनें अन्याय केला कीं नाहीं? याचें उत्तर देण्याची घाई करूं नये. कंपनीच्या बाजूनें पुष्कळ बोलतां येईल. सेंटओएस वापरणारांनीं तिला एक पैहि दिली नव्हती. तिनें कोणाशीं लेखी करार केलेला नव्हता. शिवाय लिनक्सच्या गाभ्यावर व इतर अनेक मुक्त प्रकल्पांवर काम करणाऱ्या शेंकडों लोकांस ती पगार देते, आणि तें काम सर्वांच्या उपयोगीं पडतें. आपल्याकडे म्हणच आहे, धर्माची गाय आणि दांत कां गे नाय! फुकट घेणारानें तक्रार करावी तरी कोणत्या तोंडानें?

या युक्तिवादांत तथ्य आहे, परंतु तो दोन निरनिराळ्या गोष्टी एकत्र करतो. दान ही एक गोष्ट आहे आणि वचन ही दुसरी. वाटसरूस कोणी तांब्याभर पाणी दिलें, तर तें देतांच देणाऱ्याचें कर्तव्य संपलें. उद्यां त्यानें दिलें नाहीं तर त्यास कोणी दोष देणार नाहीं. परंतु माझी विहीर दहा वर्षें सर्वांस खुली राहील असें कोणी गांवांत सांगितलें, आणि त्या भरंवशावर लोकांनीं विहिरीभोंवतीं घरें बांधलीं, झाडें लावलीं, स्वतःचे जुने आड बुजविले, तर दुसऱ्या वर्षीं तिला कुलूप लावतांना, पाणी फुकटच होतें, हें उत्तर पुरत नाहीं. पाणी फुकट होतें हें खरें. घरें फुकट नव्हतीं. दुसऱ्याच्या आयुष्याची आखणी आपल्या शब्दावर होऊं देणें हेंच वचन आहे, मग त्यासाठीं मोबदला घेतलेला असो वा नसो. कायदा अशा वचनास मानो वा न मानो, सामान्य माणसाची नीतिबुद्धि तें मानते.

तरी पण एवढें म्हणून थांबणें म्हणजे अर्धाच न्याय करणें होईल. दोष सांगणाराचा असेल, तर ऐकणाराचाहि कांहीं आहे. ज्याला आपण वचन समजलों तें वचन होतें कीं नुसता मनोदय, हें पाहण्याची जबाबदारी घर बांधणारावर असते. याच कंपनीनें केलेलें एक दुसरें दान आम्हां मराठी वाचकांच्या अगदीं निकटचें आहे. लोहित नांवाचे भारतीय लिप्यांचे टंक रेड हॅटनें २००४ सालीं मुक्त परवान्याखालीं खुले केले. लिनक्सवर देवनागरी वाचणारे कित्येक लोक आजवर त्याच अक्षरांत वाचीत आले आहेत. उद्यां कंपनीचें मन पालटलें, तरी जीं अक्षरें दिलीं तीं तिला परत घेतां येणार नाहींत, कारण तें दान परवान्याच्या वचनानें मोहरबंद झालेलें आहे. सेंटओएसचेंहि जें मूळ लेखन लोकांच्या हातीं आलें होतें तें कोणी काढून घेतलें नाहीं. जें गेलें तें उद्यांचें काम, पुढील आठ वर्षांच्या दुरुस्त्या. आणि त्यांविषयीं बांधून घेणारें वचन कोठेंच नव्हतें. दाता तोच. एका ठिकाणीं त्यानें स्वतःस बांधून घेतलें होतें, दुसऱ्या ठिकाणीं नाहीं. आमच्या मतें पाया निवडतांना पाहावयाची पहिली गोष्ट हीच आहे. दाता किती उदार आहे हें विचारूं नये; त्यानें स्वतःस कोठवर बांधून घेतलें आहे हें विचारावें.

मग बांधून घेतलेला पाया कसा असतो? याचें उत्तम उदाहरण डेबियनचें आहे. इयन मर्डॉक या अमेरिकन विद्यार्थ्यानें ऑगस्ट १९९३ मध्यें तें आरंभिलें. परंतु तें आपल्या नांवावर ठेवलें नाहीं. १९९६ सालीं त्यानें नेतृत्व दुसऱ्याकडे सोंपविलें. १९९७ च्या जूनमध्यें सॉफ्टवेअर इन द पब्लिक इंटरेस्ट ही संस्था न्यूयॉर्क राज्यांत नोंदली गेली, आणि जुलैमध्यें स्वयंसेवकांनीं एक सामाजिक करार संमत केला. आमचें वितरण सर्वस्वीं मुक्त राहील, आमच्या सुधारणा आम्ही मुक्त सॉफ्टवेअरच्या जगास परत देऊं, आमचे दोष लपविणार नाहीं, आणि वापरणारांचें हित व मुक्त सॉफ्टवेअर यांस अग्रस्थान देऊं, असा त्याचा आशय आहे. पुढच्याच वर्षीं घटना आली. नेता दरवर्षीं सभासदांच्या मतांनीं निवडला जातो. पैसा व नांव ही संस्था सांभाळते, परंतु वितरणांत काय असावें हें ठरविण्याचा अधिकार तिला नाहीं. तिजोरी एकीकडे आणि मत दुसरीकडे ही योजना आम्हांस विशेष शहाणपणाची वाटते, कारण किल्ल्या ज्याच्या हातीं त्याचेंच मत खरें, असें घडण्याचा संभव तिनें दूर केला आहे. मर्डॉक २०१५ च्या डिसेंबरमध्यें वारले. डेबियनचें काम त्यामुळें एक दिवसहि थांबलें नाहीं.

यावर आक्षेप असा येईल कीं, घटना, नोंदणी व ठराव यांचें एवढें स्तोम माजवून काय उपयोग? कागद कोणाचें रक्षण करीत नाहीं. हा आक्षेप खोटा नाहीं. जेन्टू या वितरणानें २००४ सालीं न्यू मेक्सिको राज्यांत स्वतःचें प्रतिष्ठान काढलें. परंतु आवश्यक कागद वेळेवर न भरल्यामुळें २००७ सालीं तेथील सरकारनें त्याची नोंदणीच रद्द केली, आणि ती पुन्हां मिळवावी लागली. अखेर २०२४ सालीं त्या संघानें डेबियनच्या वर सांगितलेल्या संस्थेचाच आश्रय घेतला. आपल्याकडील कित्येक वाचनालयांचीं व मंडळांचीं दप्तरें ज्यांनीं पाहिलीं असतील, त्यांस या गोष्टीचें नवल वाटणार नाहीं. आरंभीं घटना लिहावयास उत्साही माणसें मिळतात. दहाव्या वर्षीं हिशेब लिहावयास मिळत नाहींत. पण यावरून कागद व्यर्थ ठरत नाहीं. वचन देणें हें एका दिवसाचें काम आहे आणि पाळणें हें रोजचें, एवढेंच यावरून ठरतें.

दुसरा धोका याहून सूक्ष्म आहे. संस्था निराळी असूनहि तिची थैली एकच हात भरीत असेल, तर ती स्वतंत्र कितपत? रेड हॅटनेंच २००५ सालीं आपल्या फेडोरा या सार्वजनिक वितरणासाठीं निराळें प्रतिष्ठान काढण्याचें जाहीर केलें होतें. २००६ सालीं तो बेत सोडून दिला. अडचणींपैकीं एक अशी कीं, अमेरिकेंतील करविषयक नियमांनुसार अशा संस्थेस बराच पैसा सामान्य जनतेकडून मिळाला पाहिजे, आणि येथें तर खर्चाचा बहुतेक भार एका कंपनीवर होता. हा नियम आम्हांस केवळ कारकुनी वाटत नाहीं. जें सार्वजनिक म्हणवितें तें पुष्कळांच्या वर्गणीवर चाललें पाहिजे, ही त्यामागील जाणीव खोल आहे. जे लोक स्वतः कांहींच देत नाहींत, ते आश्रयदात्याच्या लहरीपासून मुक्त होण्याची इच्छा कशाच्या बळावर धरणार?

सेंटओएस गेल्यावर त्याची जागा घेण्यास दोन वितरणें पुढें आलीं, आणि त्यांनीं पाया निवडतांना जो विचार केला तो लक्षांत घेण्याजोगा आहे. अल्मालिनक्सचा आरंभ क्लाउडलिनक्स या कंपनीनें केला व दरवर्षीं दहा लक्ष डॉलर देऊं केले. पण २०२१ सालीं तिनें तें सभासदांनीं निवडलेल्या मंडळाच्या प्रतिष्ठानाकडे सोंपविलें. रॉकी लिनक्स हें सेंटओएसच्या एका संस्थापकानें, ग्रेगरी कुर्टझर यांनीं, दिवंगत सहसंस्थापकाच्या स्मरणार्थ त्याचें नांव देऊन काढलें. त्याची संस्था डेलावेअर राज्याच्या कायद्याखालीं लोकहितार्थ कंपनी म्हणून नोंदली गेली. कोणती रचना अधिक चांगली यावर वाद होऊं शकेल. पण मागील अनुभवानंतर दोघांसहि संस्थेचा प्रश्न पुढें ढकलवला नाहीं, ही गोष्ट महत्त्वाची. १९९७ सालीं डेबियनला जें आपण होऊन सुचलें, तें यांस ठेंच लागून सुचलें.

त्यांची परीक्षाहि लवकरच झाली. जून २०२३ मध्यें रेड हॅटनें आपल्या मुख्य वितरणाचें मूळ लेखन सर्वांपुढें मांडणें बंद केलें. तें केवळ गिऱ्हाइकांस मिळूं लागलें, आणि गिऱ्हाइकानें तें पुढें वाटलें तर कंपनी त्याच्याशीं व्यवहार थांबवूं शकते अशी करारांतील व्यवस्था राहिली. परवान्याच्या अक्षरास हें धरून आहे कीं नाहीं यावर जाणत्यांत मतभेद आहेत. त्याच्या आत्म्यास तें धरून नाहीं असें आम्हांस वाटतें. कारण जो अधिकार वापरतांच व्यवहार तुटण्याची भीति घातली जाते, तो अधिकार नांवापुरताच उरतो. परंतु आमच्या विवेचनाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे तें पुढें काय झालें हें. रॉकीनें मूळ लेखन मिळविण्याच्या दुसऱ्या वाटा शोधल्या. अल्मानें तंतोतंत प्रतिकृतीचा हट्ट सोडला. आपल्यावर चालणारे प्रोग्राम तेथेंहि चालावेत आणि तेथील येथें चालावेत एवढी सुसंगति राखूं, मात्र दोष सांपडल्यास स्वतः दुरुस्त करूं, असें ठरविलें. पाया हलला, पण घर पडलें नाहीं. डिसेंबर २०२२ मध्येंच सर्न व फर्मिलॅब या दोन प्रयोगशाळांनीं आपल्या प्रयोगांसाठीं अल्माची शिफारस केली होती, हेंहि येथें नमूद करण्यासारखें आहे.

यावरून आम्हांस जो सिद्धांत काढावासा वाटतो तो असा. संपूर्ण स्वतःचा पाया कोणाचाच नसतो. डेबियनसुद्धां लिनस, स्टॉलमन आणि हजारों अनामिकांवर उभें आहे. म्हणून परावलंबन टाळणें हा आदर्श नव्हे. ज्या परावलंबनांतून निघून जाण्याची वाट शिल्लक आहे, तें प्रतिष्ठेला बाधक होत नाहीं. ज्यांतून ती वाट नाहीं, तें कितीहि सुखाचें असलें तरी आश्रितपणाच होय. मिंटचे कर्ते उबुंटूवर काम करीत असतांनाच डेबियनवर आधारलेली एक दुसरी आवृत्ति चालू ठेवतात, ती याचसाठीं. उद्यां उबुंटू नाहींसें झालें तरी आपण उभे राहूं शकूं कीं नाहीं, हें त्यांस आज माहीत असावें लागतें. २०१४ सालीं डेबियनच्या एका निर्णयावर रुष्ट झालेले कांहीं लोक बाहेर पडले आणि त्यांनीं देवुआन हें वितरण काढलें. तेव्हां त्यांना सर्व काम बरोबर नेतां आलें; कोणी दार अडवूं शकलें नाहीं. डेबियनच्या सचोटीचें याहून मोठें प्रमाणपत्र आम्हांस माहीत नाहीं. ज्या घरांतून रागावून जाणाऱ्यासहि आपला वाटा नेतां येतो, त्या घरांत राहणारे लोक स्वेच्छेनें राहिलेले असतात.

मात्र या स्वातंत्र्याची किंमत आहे, आणि ती पैशांत मोजतां येत नाहीं. निघून जाण्याचा अधिकार परवाना देतो; निघून गेल्यावर उभें राहण्याची शक्ति तो देत नाहीं. ती शक्ति ज्यांना काम येतें, जे रोज तें करतात, जे घेतलेल्यांतील कांहीं भाग परत देतात, त्यांच्याच अंगीं असते. सेंटओएसचे बहुसंख्य उपभोक्ते सोळा वर्षें नुसते घेत राहिले. म्हणून ८ डिसेंबर २०२० रोजीं त्यांच्या हातीं तक्रारीवांचून दुसरें कांहीं नव्हतें. दात्यानें वचन द्यावें अशी अपेक्षा ज्यानें धरावी, त्यानें आधीं स्वतः कोणतें वचन दिलें आहे हें पाहावें. आठवड्याचे दोन तास कां होईनात, वर्षाचे शंभर रुपये कां होईनात, जो स्वतःस बांधून घेतो त्याच्याच पायाखालची जमीन थोडीफार त्याची होते.